आठ शब्दांचा नळ

शब्दाला पैसे पडतात ही गोष्ट ज्याच्या हाडीमाशी खिळली आहे, त्या माणसाने लेख लिहायला बसूच नये, असं तारमास्तरांच्या बायकोचं स्पष्ट मत होतं. ते तिने त्यांना बसण्याआधी ऐकवलं, बसल्यावर ऐकवलं आणि चहा देताना पुन्हा एकदा ऐकवलं. तारमास्तर तरीही बसले. आणि बसले ते कुठे, तर तिच्या शिवणाच्या टेबलावर. खिडकीजवळचं, उजेडाचं, घरातलं एकमेव धड टेबल. मशीन गेलं पलंगाखाली आणि अर्धवट शिवलेले पडदे गेले कपाटावर. खरं भांडण तिथून सुरू झालं, साहित्य वगैरे नंतरची गोष्ट.

तारा बंद होऊन जमाना झाला, पण इमारतीत त्यांना सगळे तारमास्तरच म्हणत. उभी हयात त्यांनी तारऑफिसच्या खिडकीत बसून लोकांचे शब्द कापले होते. माणूस धापा टाकत यायचा, ‘आई अतिशय आजारी आहे, कृपया ताबडतोब निघून ये’ असं लिहून द्यायचा. तारमास्तर कागद वाचायचे, चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "‘अतिशय’ कशाला? आजारी म्हणजे आजारी. आणि ‘कृपया’ कशाला? सख्खा भाऊ ना? ‘आई आजारी. ये.’ झालं काम. उरलेल्या पैशांची औषधं घ्या." लोक दुवा देऊन जायचे. लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोला त्यांनी जे पहिलं पत्र लिहिलं, त्यात ‘पोचलो. बरा आहे. तूही अस.’ एवढाच मजकूर होता. ते तिने अजून जपून ठेवलं आहे, पण प्रेमाने नव्हे, पुरावा म्हणून.

तर अशा माणसाला निवृत्तीनंतर घरातल्या बारीकसारीक दुरुस्त्यांचा नाद लागला. कुरकुरणारी दारं, हलणारी खुर्ची, गळका नळ. जिन्यात भेटेल त्याला धरून सांगायचे. शेवटी दूर नोकरीला असलेल्या लेकीने त्यांना एक ब्लॉग उघडून दिला. म्हणाली, "बाबा, लोकांचे हात धरण्यापेक्षा इथे लिहा. लोक बघायला आले की जाहिराती लावता येतील, चार पैसेही मिळतील."

पहिला लेख नळावर. तारमास्तर अख्खी सकाळ खपले. तयार झालेला लेख असा होता: ‘गळका नळ. कॉक बंद. वायसर बदला. घट्ट बसवा.’ आठ शब्द. खाली त्यांनी आपलं नाव घातलं होतं, पण मग उगीच शब्द वाढतात म्हणून काढून टाकलं.

तो लेख पाहून सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला असेल तर तो वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मेहुण्याला. हे बायकोचे थोरले बंधू, निवृत्त ऑडिटर. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतला आणि आता तेच काम फुकट करत होते. त्यांची एक शिस्त होती: कुठलाही कागद हातात आला की पहिल्या ओळीपासून वाचायचा, वाचलेल्या ओळीवर खूण करायची आणि मगच पुढच्या ओळीकडे बघायचं. पुढचं पान आधी उघडणाऱ्या माणसाला ते चारित्र्यहीन समजत.

"भावोजी, याला लेख म्हणतात?" ते म्हणाले. "आमच्या ऑफिसात ‘सही करा’ची चिठ्ठी याहून मोठी असायची. यावर जाहिराती कोण देणार? जाहिरात लेखापेक्षा मोठी दिसेल!"

"देतील," तारमास्तर म्हणाले.

"या जाहिरातींतून एक दमडी जरी तुमच्या खात्यात आली ना, तर इमारतीच्या वार्षिक सभेत सगळ्यांसमोर उभा राहून हा लेख पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवीन. आणि नाही आली, तर माझ्या बहिणीचं टेबल तिला परत, आणि तुम्ही सभेत सांगायचं, लिहिणं आपल्याला जमलं नाही म्हणून."

"कबूल," तारमास्तर म्हणाले.

"मी साक्षीदार," बायको म्हणाली. साक्षीदार कसली, तिचा एक डोळा टेबलावर होता.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ऑडिटरसाहेबांसारखा सावध माणूस अशी पैज का लावतो? कारण त्या वेळी लेख आठ शब्दांचा होता. हरले असते तरी एका श्वासात सुटका होती.

जाहिरात कंपनीकडे अर्ज गेला आणि नकार आला. नकार चांगला चार परिच्छेदांचा होता. आधी आभार, मग कौतुक, मग धोरणं, मग शुभेच्छा आणि कुठेतरी मध्ये ‘मजकूर अपुरा’ असे दोन शब्द. तारमास्तरांना नकाराचं दुःख झालं नाही, एवढं त्या चार परिच्छेदांचं झालं. त्यांनी पेन्सिल घेऊन तो नकार तीन शब्दांत बसवला, ‘नको. लेख तोकडे.’, आणि मग लेकीला फोन लावला.

"बाबा, असं असतं," लेक म्हणाली, "लेखाच्या मध्येमध्ये जाहिराती बसतात. माणूस वाचत खाली सरकतो तशा त्या त्याला दिसतात. आठ शब्दांच्या मध्ये काय बसवणार? लेख लांब पाहिजे."

"किती लांब?"

"ते कोणी नक्की सांगत नाही. पण लांब."

आयुष्यभर लोक त्यांच्यासमोर शब्दांचे पैसे मोजत आले होते. आता शब्दच उलट पैसे देणार, तेही जितके जास्त तितके जास्त! तारमास्तर पुन्हा टेबलाशी बसले. मग त्यांनी ‘गळका नळ’ याच्या आधी ‘अतिशय’ लिहिलं, खोडलं, बायको बघत नाही ना याची खात्री केली आणि पुन्हा लिहिलं. पुढे काही सुचेना.

न सुचणाऱ्या माणसाची बातमी इमारतीत कशी पसरते देव जाणे. संध्याकाळपर्यंत सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. समोरच्या दारातले प्राध्यापक इतिहास शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मुळापासून सुरुवात करा. माणूस नदीकाठी का राहिला? तिथून नळापर्यंत या." आणि वाट न बघता त्यांनी पहिलं वाक्य सांगूनही टाकलं, "पाणी म्हणजे जीवन. परंतु जीवन म्हणजे तरी काय?" तळमजल्यावरचा विमावाला म्हणाला, "काका, लोकांना घाबरवल्याशिवाय लोक वाचत नाहीत. वायसर न बदलल्यास काय काय होऊ शकतं ते लिहा. ओल, शॉर्टसर्किट, पाय घसरून हाड मोडणं. हाडावर दोन परिच्छेद आरामात होतील." त्याच्याशेजारच्या डॉक्टरीणबाईंनी ओल्या पायांमुळे होणाऱ्या सर्दीवर दीड पान पाठवलं, आणि आपलं नाव खाली यायला हवं असंही कळवलं.

तारमास्तरांनी आपल्या आठ शब्दांखाली सगळं घातलं. नाही कोणाला म्हणायचं? रोज तोंड दाखवायचं असतं. शिवाय जागा भरत होती. आठ शब्दांचा नळ बघता बघता तीन हजार शब्दांचा झाला. जाहिरात कंपनीने या वेळी हो म्हटलं, आणि नदीकाठचा माणूस आणि मोडलेलं हाड यांच्यामध्ये छत्र्यांची एक सुंदर रंगीत जाहिरात झळकली. तारमास्तरांनी ती इमारतीत दारोदार जाऊन दाखवली. पण पैसे काही येईनात.

"लोक दुसऱ्या परिच्छेदात पळतात, बाबा," लेकीने फोनवर आकडे बघून सांगितलं. "‘जीवन म्हणजे तरी काय’पाशी सगळे जातात. खालच्या जाहिराती कोणी बघतच नाही."

प्राध्यापकांना हे कळल्यावर ते दुखावले, पण खचले नाहीत. "दोष जीवनाचा नाही," ते म्हणाले, "दोष तुमचा आहे. नळ दुरुस्त करताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती?"

"कॉक बंद करणं."

"आणि ती तुम्ही वरच सांगून मोकळे होता! मग माणूस खाली येईल कशाला? महत्त्वाचं शेवटी ठेवा. गरज असेल तर येईल झक मारत."

तारमास्तरांना हे पटलं नाही. पण सभा तोंडावर आली होती, टेबलाखाली पाय पसरून बसायची सवय झाली होती आणि रोज जिन्यात ऑडिटरसाहेब "काय, आली का दमडी?" म्हणून विचारत होते. त्यांनी ‘आधी मुख्य कॉक बंद करा’ हे वाक्य उचललं आणि थेट तळाशी, सर्दीच्याही खाली नेऊन ठेवलं. आणि खरंच लोक खाली सरकू लागले. तारमास्तर हरखले, दमडी मात्र अजून आली नव्हती.

पुढच्या रविवारी, ऐन सकाळी, ऑडिटरसाहेबांच्या मोरीतला नळ गळायला लागला.

प्लंबरला बोलावणं त्यांना परवडत होतं, पण पटत नव्हतं. शिवाय भावोजींचा लेख कसा कुचकामी आहे हे प्रत्यक्ष करून सिद्ध करण्याची संधी आयती चालून आली होती. त्यांनी फोन खिडकीत उभा केला, पाना हातात घेतला आणि आपल्या शिस्तीप्रमाणे पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. एक ओळ वाचायची, ती करायची, मग पुढची. नदीकाठच्या माणसापाशी करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते नुसते उभे राहिले. मग लेखात आलं, ‘आता पान्याने नळाचं वरचं डोकं सोडवा.’ त्यांनी सोडवलं.

खाली तारमास्तर टेबलाशी बसले होते. डोक्यावर एक थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं तर दुसरा चष्म्यावर पडला. मग छतातून एक धार सरळ टेबलाच्या मधोमध लागली आणि वरून जिन्यातून आवाज आला, "भावोजी! अहो भावोजी! पुढे काय आहे?"

तारमास्तर धावत वर गेले. नळाच्या जागी कारंजं उडत होतं. ऑडिटरसाहेब नखशिखान्त भिजून, एका हाताने नळ दाबून, दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटाने फोनवर टिचक्या मारत होते. पडद्यावर नेमकी एक मोठी जाहिरात उघडली होती आणि ती बंद करायची बारीक फुली काही केल्या ओल्या बोटाला जुमानत नव्हती.

"कॉक बंद करा! आधी कॉक बंद करा!" तारमास्तर ओरडले.

"तसं अजून आलेलं नाही!" ऑडिटरसाहेब ओरडले.

शेवटी तारमास्तरांनीच चपला भिजवत जाऊन कॉक फिरवला. तोवर जिन्यातून पाणी तळमजल्यापर्यंत पोचलं होतं, विमावाला आपल्याच दारात पाय घसरून बसला होता आणि डॉक्टरीणबाई पहिली शिंक कोणाला येते याची वाट बघत होत्या. सगळी इमारत जिन्यात गोळा झाली. ज्याने त्याने लेखावर तोंडसुख घेतलं, त्यात ज्यांनी तो लिहायला लावला ते सगळ्यात पुढे. "एवढा पाल्हाळ लावायचा कशाला मी म्हणतो," प्राध्यापक म्हणाले.

बायकोने घरात येऊन टेबल पुसलं, वर बादली ठेवली, आणि मग हळूच म्हणाली, "अहो, जन्मभर लोकांना सांगत आलात, महत्त्वाचं तेवढं लिही. आणि स्वतः लिहायला बसलात तर तेच तळाला घातलंत?"

हे मात्र लागलं. इमारत बोलली ते त्यांनी झटकून टाकलं असतं, पण हे खरं होतं. खिडकीतून त्यांनी हजारो तारा पाठवल्या होत्या आणि एकाही तारेत ‘ये’ हा शब्द कोणाला शोधावा लागला नव्हता. आता चार जाहिराती जास्त दिसाव्यात म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने तो शब्द लपवला होता. तारमास्तरांना मनापासून लाज वाटली. जेवायला बोलावलं तरी ते उठले नाहीत.

बादलीत थेंब पडत होते. टेबलाची फळी फुगायला लागली होती. तारमास्तरांनी अख्खा लेख पुसून टाकला: नदीकाठ, हाड, सर्दी, सगळं. सगळ्यात वर ठळक अक्षरांत आपले जुने आठ शब्द लिहिले, ‘गळका नळ. कॉक बंद. वायसर बदला. घट्ट बसवा.’ त्याखाली लिहिलं, ‘ज्यांना घाई आहे त्यांचं काम झालं, त्यांनी जावं. ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी, हे आठ शब्द वर का आले, त्याची हकीकत.’

आणि मग त्यांनी ती हकीकत लिहिली. एका गृहस्थांचा नळ, एक पाना, ओल्या बोटाला न जुमानणारी फुली, ‘तसं अजून आलेलं नाही’, सगळं. स्वतःलाही सोडलं नाही. शब्द मोजायचं त्यांना सुचलंच नाही, कारण पहिल्यांदाच सांगण्यासारखं काही होतं आणि ते आपोआप येत होतं. बायकोने मागे उभं राहून वाचलं. फुलीपाशी ती फिस्सकन हसली आणि सख्ख्या भावाची आठवण होऊन एकदम गंभीर झाली.

"सगळं वरच सांगितलंत," प्राध्यापक म्हणाले. "आता खाली काळं कुत्रं येणार नाही."

पण लोक आले. नळ दुरुस्त करायला आले आणि गोष्ट वाचायला थांबले. कोणीतरी खाली लिहिलं, ‘माझा नळ पहिल्या ओळीत बंद झाला, हसणं अजून चालू आहे.’ लेकीचा फोन आला तेव्हा ती आकडे सांगताना ओरडत होती, "बाबा, लोक शेवटपर्यंत जातायत! सगळ्या जाहिराती बघतायत! किती शब्दांचा लिहिलात हो?"

"मोजले नाहीत," तारमास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलं पाहून बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

पैसे निघाले खरे, पण बँकेत अडकले. बाहेरच्या देशातून आलेली रक्कम, तेव्हा व्यवसाय लिहून द्या म्हणून बोलावणं आलं.

"व्यवसाय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"नळाबद्दल लिहितो."

"म्हणजे नळ दुरुस्त करता."

"नाही, लिहितो."

"मग दुरुस्त कोण करतं?"

"जो वाचतो तो."

"आणि पैसे तो देतो?"

"नाही, छत्रीवाले देतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. साहेब आले, त्यांनाही पहिल्यापासून सांगावं लागलं. शेवटी तारमास्तरांनी फोनवर लेख उघडून त्यांच्या हातात दिला. पुढची माणसं खोळंबली, साहेब वाचत राहिले, मग बाई त्यांच्या खांद्यावरून वाचू लागल्या. फुलीपाशी दोघंही हसले आणि शिक्का पडला. सभा दुसऱ्याच दिवशी होती.

सभेत तारमास्तरांनी बँकेची पावती ऑडिटरसाहेबांसमोर ठेवली. त्यांनी ती पुढून वाचली, मागून वाचली, उजेडात धरली, शिक्क्यावर बोट फिरवलं. अख्ख्या नोकरीत त्यांनी खोट्या कागदाला खरं म्हटलं नव्हतं, आणि एक गोष्ट कबूल करायला हवी, खऱ्याला खोटंही म्हटलं नव्हतं. "बरोबर आहे," ते म्हणाले. उभे राहिले, खाकरले आणि वाचू लागले, "गळका नळ. कॉक बंद. वायसर बदला. घट्ट बसवा." आणि खाली बसले.

"दादा," बहीण मागून म्हणाली, "शेवटच्या शब्दापर्यंत."

ऑडिटरसाहेबांनी फोनचा पडदा वर सरकवला. आणखी सरकवला. चेहरा उतरला. पण माणूस शब्दाचा पक्का. पुन्हा उभे राहिले आणि एका गृहस्थांची हकीकत पहिल्या ओळीपासून, एकही ओळ न गाळता, खड्या आवाजात वाचू लागले. कारंज्यापर्यंत आले आणि मधली जाहिरात ओलांडून पुढे निघाले, तेवढ्यात तारमास्तर उठले.

"ती गाळायची नाही. पैसे लेखाचे आलेले नाहीत, जाहिरातींचे आलेत. हिशेबात तीच मुख्य रक्कम आहे."

ऑडिटरसाहेबांनी क्षणभर विचार केला. मुद्दा नियमाला धरून होता. "‘सदर गृहस्थ नखशिखान्त भिजले,’" त्यांनी वाचलं, "‘पोहायला शिका! वयाची अट नाही. पहिला धडा मोफत.’"

सभेत असा काही हशा उसळला की अध्यक्षांना टेबल बडवावं लागलं, आणि बडवता बडवता तेही हसत होते. विमावाला खुर्चीवरून घसरला, हे त्याचं दुसऱ्यांदा. ऑडिटरसाहेब मात्र शेवटपर्यंत गेले. शेवटचं वाक्य होतं, ‘सदर गृहस्थ आमचे अगदी जवळचे असून, त्यांच्यासारखा एकेक ओळ वाचणारा वाचक मिळायला भाग्य लागतं.’ ते त्यांनी एकदा वाचलं, चष्मा पुसला आणि कोणी न सांगता पुन्हा वाचलं. मग खाली बसून म्हणाले, "भावोजी, लेख चांगला आहे. एक चूक सापडली नाही." टाळ्या पडल्या त्या याला.

घरी आल्यावर बायकोने टेबलावरून हात फिरवला. फळी मधोमध टेंगूळ आल्यासारखी फुगली होती. "हे राहू दे तुम्हालाच," ती म्हणाली, "यावर माझं मशीन नाचेल." आलेल्या पैशांतून तिच्यासाठी नवीन टेबल आलं आणि खिडकीत बसलं. फुगलेलं टेबल भिंतीकडे गेलं. उजेड कमी पडतो म्हणून तारमास्तरांनी चकार शब्द काढला नाही.

त्याच टेबलाशी बसून त्यांनी लेकीला कळवलं, ‘पैज जिंकली. टेबल राहिलं. आई हसली. सविस्तर लेखात.’ जुन्या सवयीने बोटांवर शब्द मोजले. आठ. पाठवणार, तेवढ्यात खिडकीपाशी मशीनचा आवाज थांबला आणि ‘पोहायला शिका’ असं पुटपुटत बायको पुन्हा एकटीच हसायला लागली. तारमास्तर थांबले. परत मागे गेले, आणि ज्या शब्दाचे पैसे त्यांनी जन्मभर लोकांचे वाचवले, तो शब्द स्वतःच्या खर्चाने त्या ओळीत घातला.

‘आई अतिशय हसली.’